नौयुद्धाचा पट आणि मराठ्यांचे आरमार

जहाजांच्या लहान प्रतिकृती टेबलावर मांडून, त्या ठरलेल्या नियमांनुसार हलवून आणि तोफांचा परिणाम फाशांनी किंवा मोजमापाने ठरवून सागरी लढाईचा अभ्यास करण्याच्या पद्धतीला पटावरचा नौयुद्धखेळ म्हणतात. स्कॉटलंडमधील एल्डिनचे जॉन क्लार्क यांनी लाकडी प्रतिकृतींच्या साहाय्याने शिडाच्या जहाजांच्या युद्धरचनेचा विचार करून १७८२ मध्ये त्यावर ग्रंथ छापला, तर १८९८ मध्ये फ्रेड जेन यांनी पोलादी युद्धनौकांचा नियमबद्ध खेळ प्रसिद्ध केला. क्लार्क यांच्या मांडणीत वाऱ्याची दिशा निर्णायक होती आणि जेन यांच्या खेळात चिलखत व तोफांचा पल्ला. म्हणून एका काळाचे नियम दुसऱ्या काळाला लावताना जहाजांची नावे आणि तोफांचे आकडे बदलून भागत नाही. त्या काळी लढाई कशासाठी आणि कशी लढली जात होती, हेच नियमांत उतरवावे लागते. मराठ्यांच्या आरमाराला हे नियम लावू पाहिले की ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

शिडाच्या जहाजांचे प्रचलित नियम बहुधा अठराव्या शतकातील युरोपीय लढाईवर बेतलेले असतात. त्या लढाईत मोठी जहाजे एकामागे एक रांग धरीत आणि एका बाजूच्या सर्व तोफा एकदम डागून, म्हणजे ब्रॉडसाइड देऊन, शत्रूला नमवीत. त्यामुळे या नियमांत जहाजाची ताकद त्याच्या बाजूच्या तोफांवरून मोजली जाते. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या वारसांचे बळ निराळ्या ठिकाणी होते. त्यांचे गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, दीडशे ते तीनशे टनांचे आणि उथळ पाण्यात चालणारे असून त्याच्या लांब पुढे आलेल्या नाळेवर समोर मारा करणाऱ्या दोन जड तोफा असत. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतले, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे असे. वारा पडला की गलबते दोर लावून गुराबांना ओढत आणि शत्रूच्या पिछाडीला नेऊन ठेवत, कारण तेथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नसत. गुराबांचा मारा आधी डोलकाठ्या आणि शिडे यांवर होई, आणि जहाज लुळे पडले की गलबतांतील माणसे तलवारी घेऊन त्यावर चढत. ही रीत पटावर आणायची तर वल्ह्यांची चाल, ओढून नेणे, पिछाडीचा मारा आणि शिडांचे नुकसान यांसाठी स्वतंत्र नियम करावे लागतात.

वाऱ्याचा नियमही बदलावा लागतो. कोकण किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, म्हणून पूर्ण लढाईसाठी वाऱ्याची एकच दिशा धरणे तेथे चुकीचे ठरते. शिवाय खाडीची उथळ मुखे आणि किनाऱ्यावरील दुर्गांच्या तोफा पटावर असल्याच पाहिजेत, कारण मोठे जहाज जेथे शिरू शकत नाही तेथेच गलबताला आसरा मिळतो.

सर्वांत मोठा बदल मात्र विजयाच्या कसोटीत करावा लागतो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी ती रोखण्यासाठी आरमार धाडले. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज पकडले, तरी ‘रिव्हेंज’ या फ्रिगेटने, म्हणजे वेगवान युद्धजहाजाने, मराठी गलबतांना नागोठण्याच्या खाडीपर्यंत मागे रेटले. कोण मागे हटले एवढेच पाहणारा नियम येथे इंग्रजांना विजयी ठरवील. प्रत्यक्षात मात्र रात्रीच्या अंधारात लहान होड्यांतून बेटावर रसद पोचत राहिली, जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तडजोड करून माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. याउलट फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात, विजयदुर्गाच्या आश्रयाला दाटीने नांगरलेल्या, कान्होजींचे वारस तुळाजी आंग्रे यांच्या आरमारात एका जहाजाला लागलेली आग दुसऱ्यावर पसरत गेली आणि सारे आरमार भस्मसात झाले. त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, म्हणजे किनाऱ्यावर कोण कोणाच्या पक्षाला आहे, हेही पटावर मांडल्याशिवाय या प्रसंगाचा अर्थ लागत नाही.

असे नियम करायला समुद्रकाठी राहावे लागत नाही. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. मराठ्यांची जहाजे ज्या सागाची बांधली जात, त्या जातीचा साग मात्र तेथील जंगलात आजही उभा आहे. क्लार्क हेही नाविक नव्हते, तरी टेबलावरच्या प्रतिकृतींनी त्यांना युद्धरचना समजून घेता आली. म्हणून यवतमाळच्या शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही कोकणचा नकाशा पसरून असे नियम तयार करावेत आणि ते खांदेरीच्या प्रसंगावर तपासावेत. जे नियम खांदेरी मराठ्यांकडे का राहिली हे दाखवू शकत नाहीत, ते त्या काळाचे नियम नव्हेत.