एमएस-सीआयटी

महाराष्ट्रातील प्राथमिक संगणक अभ्यासक्रम. पूर्ण नाव ‘महाराष्ट्र स्टेट सर्टिफिकेट इन इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने (स्थापना 2001) तो गावोगावच्या अधिकृत केंद्रांतून पोहोचवला. विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट व इंटरनेट हा त्याचा गाभा. शासकीय लिपिक पदांसाठी हे प्रमाणपत्र किंवा समकक्ष अर्हता मागितली जाते. त्यामुळे बारावीनंतरच्या सुट्टीत तो करण्याची प्रथा पडली.

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर घरांना दारे नसलेले गाव म्हणून ओळखले जाते. तेथे 2011 मध्ये युको बँकेची कुलूप नसलेली शाखा उघडली. अशा परिसरातील विद्यार्थ्यालाही या अभ्यासक्रमाच्या पहिल्या धड्यांत पासवर्ड गुप्त ठेवायला शिकावे लागते, आणि ते योग्यच आहे: उंबरठ्यावरचा विश्वास अनोळखी जाळ्यात चालत नाही.

एक्सेलमधील सूत्रे हा या अभ्यासक्रमातला सर्वांत उपयोगी भाग. दूध संकलन, पतसंस्था, ऊसबिले यांचे हिशेब त्यांवर होतात. मराठी टंकलेखनाला मात्र आणखी वेळ हवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरलेला संकेतांक असल्याने ही अडचण येत नाही. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक भारतीय लिपींना समान आहे: स्वर व मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे.