विमान, टाकी आणि पाठीवरचा पंप

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात रात्री ट्रक लागतात आणि उजाडायच्या आत भाजी, फळं हातोहात फिरू लागतात. या मालावर कीडनाशक कुणी मारलं, कसं मारलं, हे गोणीवर लिहिलेलं नसतं. एके काळी आपल्या देशात हे औषध आकाशातूनही मारलं जाई. ते मारणाऱ्या विमानांची, आणि ती जमीन सोडताना होणाऱ्या अपघातांची गोष्ट आज सांगायची आहे.

आकाशातून येणारी टोळधाड माणसाला फार जुनी. फिरऔनच्या कथेत ती कुराणातही आहे, बायबलातही आहे. तिला आकाशातूनच उत्तर द्यायची सोय मात्र शंभर वर्षांपूर्वीची. ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावाजवळ, जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने कॅटाल्पाच्या झाडांवर शिशाच्या आर्सेनेटची भुकटी धुरळली. सुरवंट मेले आणि एक नवा धंदा जन्माला आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकाऊ वैमानिकांची स्टीअरमन विमानं स्वस्तात विकायला निघाली. पुढची बैठक काढून तिथे टाकी बसवली की झालं फवारणीचं विमान. पण ते या कामासाठी घडवलेलं नव्हतं. शेपटीच्या चाकावर टेकलेलं असताना त्याचं नाक वर असे, वैमानिकाला समोरचं नीट दिसत नसे, आणि टाकीत कित्येक मणांचं ओझं.

उड्डाणच का घातक, हे समजायला पायलट व्हायला नको. आपल्या नवी मुंबईच्या नव्या विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. फवारणीच्या विमानाला मिळते ती शेताजवळची कच्ची पट्टी, आणि तिच्या टोकाला बांध, झाडं, नाहीतर विजेच्या तारा. पाऊस झाला असेल तर चाकं रुततात, गवत ओढून धरतं. त्यात ऊन. हवा तापली की विरळ होते. पंखांना आधार कमी, इंजिनाला दम कमी. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. पण ४२ अंशांच्या दुपारी विमानाला ते साडेतेराशे मीटरवर असल्यासारखं वाटतं, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच! सकाळी गारव्यात जे ओझं सहज उचललं, तेच दुपारी उचलत नाही.

शिवाय हे उड्डाण दिवसातून एकदाच होत नाही. टाकी रिकामी झाली की उतरायचं, भरायची, पुन्हा उडायचं. एका दिवसात अशा कितीतरी खेपा. प्रत्येक खेपेला थोडं जास्त भरलं तर एक फेरी वाचते, हा मोह असतोच. वारा फिरून पाठीमागून येऊ लागला तरी खेप थांबत नाही. अपघात या मोहाच्या आणि घाईच्या पोटी जन्मतो.

यावर उपाय शोधला गेला. फ्रेड वाइक या अभियंत्याने खास शेतीसाठी आखलेलं एजी-१ हे विमान १९५० च्या डिसेंबरमध्ये उडालं. वैमानिक उंच बसवला, म्हणजे समोरच्या तारा दिसाव्यात. इंजिन आणि टाकी त्याच्या पुढे ठेवली, म्हणजे आपटल्यावर ते ओझं मागून येऊन त्याला चिरडू नये. बैठकीभोवती मजबूत सांगाडा दिला, खांद्यांना पट्टे दिले. अशा विमानांच्या टाकीला तळाशी दार असतं. विमान उचलत नाही असं दिसताच खटका ओढला की सारं ओझं काही सेकंदांत खाली पडतं. माल जातो, माणूस वाचतो.

याच वळणाचं विमान आपल्याकडेही झालं. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं 'बसंत' ३० मार्च १९७२ रोजी पहिल्यांदा उडालं. नाव किती गोड! चारशे अश्वशक्तीचं इंजिन आणि वैमानिकाची उंच केबिन. जेमतेम ३९ विमानं झाली आणि १९८० मध्ये उत्पादन थांबलं. दोन-चार एकरांचे तुकडे, मधूनच विहीर, आंब्याचं झाड, शेजाऱ्याचं वेगळं पीक: अशा शेतावर विमानाचा हिशेब बसणं कठीणच. आणि आकाशातून पडलेलं औषध बांध ओळखत नाही. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं, २००० सालापर्यंत. त्याचे भोग खालच्या वस्त्यांनी भोगले.

मग औषध मारायचं कुणी? तर पाठीवर पंप घेतलेल्या माणसानं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्यापर्यंत वाढली होती. फवारा थेट नाकातोंडात गेला. वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्यांच्या पाठीवर पंधरा-वीस लिटरचा पंप होता, तोंडाला फार तर रुमाल. खटका ओढून ओझं टाकून द्यायची सोय त्यांना नव्हती. टाकलं असतं तर मजुरी बुडाली असती.

आता ड्रोन आले आहेत. २०२३ पासून 'नमो ड्रोन दीदी' योजनेत बचतगटांच्या बायका ते चालवायला शिकत आहेत. ड्रोन उडताना कोसळला तर यंत्र मोडेल, चालवणारी दूर उभी असेल. ही मोठीच गोष्ट आहे. पण औषध कालवणारा, टाकी भरणारा हात माणसाचाच राहतो.

वैमानिक पडला तेव्हा कुणीतरी मोडलेलं विमान तपासलं, बैठक उंच केली, पट्टा दिला. पाठीवरच्या पंपाची चौकशी तितक्या कसोशीनं कधी झाली? बाजारात वांगी टवटवीत दिसली की भाव विचारतो आपण. फवारताना त्या माणसाच्या तोंडाला काय होतं, हेही कधीतरी विचारू या.