गिरणगावचे ताट आणि पगाराचा हिशेब



‘थोडक्या पैशांत घरच्यांना सकस अन्न कसे घालावे’ हा विषय एरवी महिला मंडळात निघावयाचा. युनियनच्या माणसाने त्यावर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैद्य नव्हे, प्राध्यापक तर नव्हेच. नववीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाच्या आधाराने. परंतु या विषयाचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांतून जातो, आणि तेथे चूल व पगारपत्रक वेगळी काढता येत नाहीत. म्हणून हे धाडस.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने मे १९२१ ते एप्रिल १९२२ या काळात शहरातील कामगारांच्या घरखर्चाचे हिशेब गोळा केले. २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे राहणारे कामगार. कचेरीचे संचालक फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत बावन्न रुपयांच्या आसपास, आणि तीतला निम्म्याहून अधिक पैसा नुसत्या खाण्यावर. ९७ टक्के कुटुंबे एकेका खोलीत राहणारी. ४७ टक्के कर्जात. व्याज पुष्कळदा रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाचे ७५ टक्के. या सगळ्याहून बोचणारी गोष्ट धान्याची होती. कामगाराच्या पोटात जाणारे धान्य फॅमिन कोडाने दुष्काळपीडितांना ठरविलेल्या कमाल मापाइतके भरले, पण मुंबईच्या तुरुंगात कैद्याला नेमून दिलेल्या मापापेक्षा कमी. कैद्याला खोलीभाडे नसते आणि सावकारही नसतो, ते निराळेच.

त्या काळी गिरणगावात बायकामुले गावी ठेवून आलेले पुरुष पुष्कळ. त्यांना जेवू घालणारी खाणावळवाली ही या शहरातली खरी आहारतज्ज्ञ, असे माझे मत आहे. एका खोलीत पाळीपाळीने पंगती उठवायच्या, वाण्याकडून उधारीवर माल उचलायचा, आणि पैसे मात्र जेवणाऱ्यांच्या पगाराला मिळायचे. आमटी किती पातळ केली म्हणजे माणूस उठून जात नाही आणि महिनाही निभतो, हे तिला वजनकाट्याशिवाय कळे. तिला बँक दारात उभी करीत नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा कुठे या बायकांना सावकाराखेरीज दुसरी वाट दिसली.

आता जरा दक्षिणेकडे, निलगिरीत जाऊ. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत १९३५ साली डॉ. वॉलेस ॲक्रॉइड संचालक म्हणून आले आणि दहा वर्षे राहिले. हिंदुस्थानातील धान्ये, डाळी, भाज्या यांत कोणते सत्त्व किती याचे कोष्टक करून त्यांनी १९३७ मध्ये एक लहान पुस्तिका काढली. समतोल आहाराचा तक्ता तीत आहे. एका प्रौढ माणसाला दिवसाला तृणधान्य १५ औंस, डाळ ३, दूध ८, पालेभाजी ४, इतर भाजी ६, तेलतूप २ आणि फळे २ औंस. भातावरच राहू नका, थोडी ज्वारी-बाजरी-नाचणी घ्या, पालेभाजी टाकू नका, हा उपदेश त्यात होताच, आणि तो आजही खोटा नाही. नाचणीत चुना भरपूर असतो हे आमच्या आज्यांना कोष्टकाशिवाय ठाऊक होते.

हा तक्ता स्वयंपाकघरासाठी केलेला. पण जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले, तेव्हा किमान वेतनाचे माप ठरविताना ॲक्रॉइडसाहेबांचेच नाव ठरावात आले. कमावत्या माणसामागे तीन खाणारी तोंडे धरावीत, दर प्रौढाला २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती वगैरेसाठी एकंदर वेतनाचा पाचवा हिस्सा. ठराव एकमताने झाला, अंमलबजावणीच्या वेळी मात्र एकेकाला खोकला आला! केंद्र सरकारच्या नोकरांना १९६० च्या जुलैत आणि पुन्हा १९ सप्टेंबर १९६८ ला संपावर जावे लागले, त्यात मुख्य भांडण या गरजाधिष्ठित वेतनाचेच. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे म्हटले. २०२० च्या मसुदा नियमांत वाराचे मीटर झाले, ७२ चे ६६. उष्मांक होते तेवढेच राहिले.

ताटातून पदार्थ कोणत्या क्रमाने जातात हे मी पुस्तकाआधी घरी पाहिले. वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा. पहिल्यांदा चहातले दूध गेले. मग केळी, मग तेल. फोडणी नुसती वासापुरती. तुरीच्या डाळीच्या जागी गावाहून आलेले कुळीथ. शेवग्याचा पाला, अंबाडी आणि सुकट यांवर आईने आम्हांला तारले. भात मात्र शेवटपर्यंत राहिला. म्हणजे १९२३ च्या अहवालातले ताट साठ वर्षांनी आमच्या खोलीत पुन्हा वाढले गेले.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात कराराची बोलणी चालू होती. मालकांच्या बाजूच्या एका गृहस्थांनी आमच्यापुढे एक छापील पत्रक ठेवले: कामगारांनी वडापाव सोडावा, नाचणी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी खावी. पत्रकात चूक काही नव्हते. आम्ही इतकेच केले की कामगारांच्या चार बायकांना ॲक्रॉइडचा तक्ता देऊन मंडईत पाठविले. तीन प्रौढांच्या मापाने महिन्याला दूध वीस लिटर, डाळ साडेसात किलो, पालेभाजी दहा किलो. त्या दिवसाचे भाव त्यांनी पुढे मांडले. नाचणी काही आता रेशनच्या तांदळाच्या भावात मिळत नाही. बेरीज आमच्या मागणीच्याही वर गेली, तेव्हा आमच्याच एका कार्यकर्त्याने पुटपुटत दुधाची ओळ खोडू म्हणून सुचविले. त्या बायांपैकी एक म्हणाली, “दादा, ती ओळ आम्ही घरी आधीच खोडलेली आहे. इथे तरी राहू द्या.” ओळ राहिली. करार झाला तो मागणीच्या पुष्कळ खाली.

त्या तीन तोंडांचा हिशेब असा करतात: पुरुष १, दोन मुले मिळून १.२, आणि बाई ०.८. संपाच्या त्या दीड-दोन वर्षांत आईला जेवताना मी क्वचितच पाहिले. ती सर्वांच्या मागून, भिंतीकडे तोंड करून बसे. तिच्या वाट्याला ०.८ तरी येत होते का, हे तिला विचारण्याइतके मोठे आम्ही झालो तोवर ती राहिली नव्हती.