पोटाचा घेर आणि कोकणी ताट

सुटलेले पोट ही आपल्याकडे बराच काळ सुखवस्तूपणाची खूण मानली गेली. वैद्यकशास्त्र मात्र पोटाच्या वाढत्या घेराकडे मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांची आगाऊ सूचना म्हणून पाहते. ही सूचना पुष्कळदा वजनकाट्यावर दिसत नाही. हातपाय बारीक, वजन बेताचे आणि पोट तेवढे पुढे आलेले, अशी शरीरयष्टी भारतीयांमध्ये सर्रास आढळते. त्यामुळे 'मी काही लठ्ठ नाही' या समजुतीत अनेकांची वर्षे निघून जातात.

बारीक अंगाची चरबी

या प्रश्नाचा महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले.

हा फरक जन्मापासूनच असतो, असे पुणे परिसरातील गावांमध्ये १९९३ पासून झालेल्या माता-पोषण अभ्यासातून पुढे आले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते; चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने २०१९ मध्ये १६ ते १८ वर्षे वयाच्या दीड हजारांहून अधिक ग्रामीण मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. उद्याच्या मातांच्या पोषणाचा पुढील आयुष्यातील आजारांशी कसा संबंध आहे, हे समजून घेणे हा त्याचा हेतू आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत कंबर व नितंब यांच्या घेराचे मोजमाप प्रथमच झाले. त्यात देशातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीवर आढळले. याच सर्वेक्षणात बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशच होते. वजनकाटा जे सांगत नाही, ते मोजपट्टी सांगते, हाच या दोन आकड्यांतील तफावतीचा अर्थ.

घेर कसा मोजावा?

पोटावरील चरबी दोन प्रकारची असते. त्वचेखालची चरबी चिमटीत धरता येते. दुसरी आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास साठते, ती डोळ्यांना दिसत नाही. ही आतली चरबी अधिक घातक असते. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जातात, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि रक्तातील साखर व ट्रायग्लिसराइड वाढू लागतात.

घेर मोजण्यासाठी सरळ उभे राहून शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर मोजपट्टी धरावी. पोट आत ओढू नये. सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण पँट पुष्कळदा पोटाच्या खाली बांधली जाते. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा आणखी एक सोपा नियम.

केवळ पोटाचे व्यायाम पुरेसे नाहीत

पोटाचे व्यायाम केले की पोटावरचीच चरबी वितळते, हा समज फार जुना आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३ पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी सुमारे पाच हजार उठाबैठकी, म्हणजे पाठीवर झोपून धड उचलण्याचे व्यायाम, केले. त्यानंतर तपासले असता, पोटावरच्या चरबीत शरीराच्या इतर भागांपेक्षा वेगळी अशी घट दिसली नाही. अशा व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, हे खरे. पण चरबी कोठून कमी करायची, हे शरीर स्वतः ठरवते. पट्टे, मलमे आणि घाम काढणारे वेष्टन यांचाही उपयोग नाही. घामावाटे पाणी जाते, चरबी जात नाही.

दिलासा देणारी बाब अशी, की एकूण वजन कमी होऊ लागले की पोटातील आतली चरबी लवकर घटते. वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब यांत सुधारणा दिसू शकते. मात्र उपासमार करून झटपट वजन उतरवले तर स्नायूही झिजतात. मुळात स्नायू कमी असणाऱ्या भारतीय शरीराला ते परवडणारे नाही. आठवड्याला सुमारे अर्धा किलो ही गती योग्य समजावी.

ताटात काय बदलावे?

रत्नागिरीच्या घरात दिवसाची सुरुवात घावणे, आंबोळी किंवा पेजेने होते. दुपारी आणि रात्री भाताचा मान मोठा, आमटी पातळ आणि भाजी वाटीच्या तळाला, असे ताट सर्वत्र दिसते. शेतातली कष्टाची कामे आणि डोंगरवाटांची चढण रोजची होती, तेव्हा हा भात खर्ची पडत असे. आता दुचाकी दारात आणि काम खुर्चीत, तरी भाताचा ढीग तोच राहिला आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. भात सोडून तितकीच गव्हाची किंवा भरडधान्याची भाकरी-पोळी खाल्ल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी, दूध, अंडी किंवा मासे यांतील प्रथिनांनी घेतला, तेव्हा मात्र धोका कमी आढळला. म्हणजे दोन मुदी भाताऐवजी तीन भाकऱ्या हा उपाय नव्हे. धान्य कमी आणि प्रथिने जास्त, ही खरी अदलाबदल होय.

त्यासाठी परदेशी पावडरींच्या मागे लागण्याची गरज नाही. कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. कुळथाची पिठी पातळ पाण्यासारखी न करता दाट करावी. वाल, पावटे, मूग यांची उसळ रोज एका जेवणात असावी. बांगडा आणि तारली हे तुलनेने स्वस्त मासे प्रथिनांनी समृद्ध आहेत. ते रव्यात घोळवून तळण्यापेक्षा त्यांचे तिखले करावे. पावसाळ्यातील टाकळा, भारंगी, फोडशी आणि उन्हाळ्यातील कच्च्या फणसाची भाजी पोट भरते आणि उष्मांक कमी देते. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी, एक चतुर्थांश प्रथिनांनी आणि उरलेला भाताने किंवा भाकरीने भरावा.

नारळ वर्ज्य नाही, पण तो मोजून वापरावा. ओल्या खोबऱ्याच्या वजनापैकी सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग स्निग्धांशाचा असतो. ज्या दिवशी वाटपाची आमटी, त्या दिवशी सोलकढीऐवजी नारळाचे दूध न घातलेले कोकमाचे सार घ्यावे. हापूसच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे ६० ते ७० उष्मांक असतात. जेवणानंतर साखर घातलेल्या आमरसाच्या दोन वाट्या आणि मधल्या वेळी खाल्लेला एक आंबा, यांत मोठे अंतर आहे. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली आदर्श मर्यादा सुमारे २५ ग्रॅम आहे. मद्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सात उष्मांक असतात, हेही विसरू नये.

चालणे आणि बळ

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालणे ही मध्यम गती. भाट्ये आणि मांडवीचा किनारा, थिबा पॉइंटचा परिसर, रत्नदुर्गाची चढण ही रत्नागिरीकरांची विनामूल्य व्यायामशाळाच आहे. खरी अडचण येते ती जून ते सप्टेंबर या काळात. चार महिने पावसाने बाहेर पडू दिले नाही, की वर्षभराची सवय मोडते. म्हणून घरातला व्यायाम आधीच ठरवून ठेवावा. सूर्यनमस्कार, बैठका, भिंतीला हात टेकून काढलेले जोर आणि जिन्याची चढ-उतार यांना साहित्य लागत नाही.

घरकामात दिवस जातो, म्हणून वेगळा व्यायाम नको, असे स्त्रियांच्या बाबतीत गृहीत धरले जाते. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेला भात आणि आमटी हेच पुष्कळदा त्यांच्या वाट्याला येते. मासळी आणि उसळ संपलेली असते. घरातील स्त्रीच्या ताटात प्रथिने आधी वाढली जाणे आणि तिला अर्धा तास चालण्यासाठी मोकळा मिळणे, ही कुटुंबाची जबाबदारी आहे.

लक्षात ठेवा

• घेर महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी मोजून लिहून ठेवावा.
• रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी घ्यावे आणि सात तास झोप घ्यावी.
• घेर धोक्याच्या रेषेपलीकडे असल्यास साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.
• मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, हृदयरुग्णांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आहार व व्यायामात मोठे बदल करू नयेत.
• पोट अचानक फुगणे, पायावर सूज किंवा कारणाशिवाय वजन घटणे ही चरबीची लक्षणे नव्हेत. अशा वेळी त्वरित तपासणी करावी.