अंगावर गांधी उठल्या होत्या

भोपाळमधला हा दवाखाना आणि या बाई कल्पित आहेत. औषध, मात्रा आणि धोका खरा आहे.

सोमवार, रात्री 9.00. तुळशीनगर. खालची दाढ शनिवारी काढलेली. बाई 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीनने चूळ भरतात. ओठ हुळहुळतात, दंडावर गांधी उठतात. "वांगं खाल्लंस, पित्त उठलं असेल," सासूबाई म्हणतात. तासाभरात गांधी विरतात.

बुधवार, सायंकाळी 5.40. दाढेची जागा ठणकतेय. न्यू मार्केटजवळच्या दवाखान्यात हिंदी फॉर्म: 'दवा से एलर्जी: हाँ / नहीं'. बाई 'नहीं'वर खूण करतात. ॲलर्जी म्हणजे धुळीने येणाऱ्या शिंका, अशी त्यांची समजूत. गोळीने, इंजेक्शनने किंवा चूळ भरल्यावर अंगावर गांधी उठल्या का, ओठ सुजले का, दम लागला का, हे कुणी विचारत नाही. विचारायला दहा सेकंद पुरले असते.

5.55. खाचेतलं हाड उघडं पडलंय. डॉक्टर फॉर्मवर नजर टाकतात आणि खाच धुवायला सिरिंज भरतात. त्यात तेच क्लोरहेक्सिडीन. अशीच खाच धुतल्यावर ब्रिटनमध्ये दोन रुग्ण दगावले होते. तिथल्या औषध-नियंत्रकांनी ऑक्टोबर 2012 मध्ये इशाराही दिला होता.

5.57. तळहातांना खाज. "घबराइए मत."

5.59. आवाज घोगरा, छातीत घरघर. डॉक्टरांना वाटतं, भोवळ. साध्या भोवळीत नाडी मंदावते. इथे ती 130 आहे. मनगट कुणी धरलेलं नाही.

6.01. ॲव्हिलचं इंजेक्शन. ते खाज कमी करतं, बंद होणारा श्वास उघडत नाही. त्यासाठी 1:1000 ताकदीचं ॲड्रेनलिन, अर्धा मि.ली., मांडीच्या बाहेरच्या स्नायूत लगेच द्यायचं. उतार न पडल्यास 5 मिनिटांनी पुन्हा. कपाटात ॲम्प्युल आहे. मुदत मार्चमध्ये संपली. नवी आणायचं पुढच्या महिन्यावर गेलं. मुदत संपली म्हणून ती फोडली जात नाही.

6.03. 108 ला फोन. औषधांच्या तीव्र ॲलर्जीमुळे झालेल्या मृत्यूंच्या ब्रिटिश अभ्यासात श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा मध्यक काळ 5 मिनिटांचा होता. इथे पहिल्या खाजेला सहा मिनिटं झालीत.

6.06. नाडी लागत नाही.

6.41. रुग्णालय. "क्या दिया था?" 3 डिसेंबर 1984 च्या पहाटे, वायुगळतीनंतर, या शहरातल्या डॉक्टरांना शरीरात शिरलेल्या विषाचं नेमकं नाव सुरुवातीला कळलं नव्हतं. आजचं नाव बाटलीवर छापलेलं आहे.

दंतवैद्यांनो, उद्या दवाखाना उघडताना ॲड्रेनलिनची मुदत तपासा. आणि फॉर्मवर 'ॲलर्जी'च्या शेजारी 'अंगावर गांधी, पित्ती' हे शब्द लिहा.