नाडी, नासूर, पेवंद

ठोक्यांची लय बिघडली की वैद्य नाडी पाहतो. ती लय सुधारण्यासाठी हृदयातला दोषी भाग उष्णतेने जाळून केलेल्या अ‍ॅब्लेशननंतर क्वचित डावा कर्णिका-कप्पा आणि अन्ननलिका यांच्यात छिद्र पडते. सुश्रुताच्या परिभाषेत त्यालाही नाडीच म्हणावे लागेल, नाडीव्रण! मुळाशी 'नड', म्हणजे बोरूसारखे पोकळ गवत, असावे. 'नल' त्याचेच भावंड; त्यातून नळ, नळी आणि अन्ननलिकाही. परकराची नाडी याच घरची दिसते. डॉक्टर अशा छिद्राला 'फिस्टुला' म्हणतात, त्या लॅटिन शब्दाचा अर्थही नळी, पावा.

आपल्याकडे फारसीवाटे आलेला त्याच अर्थाचा 'नासूर' मात्र अरबी. त्याला 'नासणे'शी जोडण्याचा मोह होतो, पण नासणे संस्कृत 'नश्'चे. हे साम्य योगायोगाचेच दिसते.

'अ‍ॅब्लेशन'च्या मागे लॅटिन 'अब्लातुस', वाहून नेलेले. अन्ननलिकेचे ग्रीक नाव 'ओइसोफागोस'. त्यातही 'ओइसो', वाहून नेईन, असावे अशी जुनी फोड आहे. गंमत पाहा: 'लातुस' हे लॅटिन 'फेर्रे'चे उसने रूप, 'ओइसो' हे ग्रीक 'फेरो'चे. आपल्या 'जाणे'ने 'गेला' हे रूप 'गम्'कडून घ्यावे, तसेच. आणि फेर्रे, फेरो ही दोन्ही संस्कृत 'भृ'ची सख्खी भावंडे. म्हणजे दुखावणारी क्रिया आणि दुखावला जाणारा अवयव, दोघांच्या नावांत तोच भार वाहिलेला.

कर्णिकेच्या मागच्या भिंतीपासून अन्ननलिका काही मिलिमीटरांवर असते, तिथवर उष्णता पोचते. कॅथेटरवाटे केलेल्या अ‍ॅब्लेशननंतरचे असे रुग्ण 2004 साली पहिल्यांदा नोंदले गेले. ताप, छातीत दुखणे, पक्षाघात ही लक्षणे बहुधा दोन ते चार आठवड्यांनी दिसतात, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. शंका आली तर आधी सीटी स्कॅन करावा. दुर्बिणीने अन्ननलिका तपासताना हवा भरली, तर ती छिद्रातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. शस्त्रक्रियेविना यातून वाचणे फार विरळा, म्हणून इथे दिरंगाई परवडत नाही. छाती उघडून अन्ननलिका शिवतात, बरगड्यांमधला स्नायू दोहोंच्या मध्ये बसवतात आणि कर्णिकेला बहुधा हृदयावरणाचे ठिगळ लावतात.

या ठिगळाला मी 'पेवंद' म्हणेन. फारसी 'पैवंद' म्हणजे सांधा, जोड, कलम. आपली पेवंदी बोरे तिथूनच आलेली. इराणमध्ये हृदयप्रत्यारोपणालाही आज 'पेवंद-ए-कल्ब' म्हणतात.