गाडीला ट्रॉली घासली; चूक कुणाची आणि भरपाई कुणाकडे मागायची?

वारणानगर : गळीत हंगाम सुरू झाला की वाठार-पारगाव-वारणानगर-कोडोली रस्त्यावर ऊस भरलेल्या डबल ट्रॉल्या, अंगद गाड्या आणि बैलगाड्यांची रांग लागते. त्या गर्दीत कुणाच्या कारचा बंपर ट्रॉलीच्या कोपऱ्याला अडकतो, कुणाचा आरसा जातो, कुणाच्या दारावर लांबच लांब ओरखडा उठतो. माणसाला खरचटतसुद्धा नाही, पण वाद मात्र तासभर चालतो. कारवाला म्हणतो, चूक ट्रॅक्टरवाल्याची, त्याच्या विमा कंपनीने पैसे द्यावेत. ट्रॅक्टरवाला म्हणतो, मी तर कडेला उभाच होतो. दुसऱ्या दिवशी कारवाला समोरच्याच्या कंपनीला फोन लावतो आणि तिथून उत्तर येते, "तुमच्या कंपनीकडे क्लेम करा."

हे उत्तर ऐकून माणूस चिडतो. पण आपल्याकडची पद्धतच तशी आहे. काही देशांत दोन विमा कंपन्या आपसांत बोलून चूक कुणाची किती टक्के ते ठरवतात आणि पैसे देतात. आपल्याकडे समोरच्याच्या कंपनीला फोन करून किंवा अर्ज देऊन सहसा काही मिळत नाही. तिच्याकडून पैसे हवे असतील तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. समोरच्याची चूक होती हे तिथे सिद्ध करावे लागते.

दुसरा रस्ता स्वतःच्या कंपनीचा. गावात ज्याला 'फुल विमा' म्हणतात तो असेल, तर गाडीची दुरुस्ती स्वतःच्या पॉलिसीतून होते. इथे चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. स्वतःच्या चुकीने गाडी बांधावर चढवली तरी क्लेम मिळतो. ड्रायव्हरकडे चालू लायसन्स हवे, तो दारू प्यालेला नसावा आणि गाडीचा वापर पॉलिसीत लिहिल्याप्रमाणे असावा. "चूक माझी होती म्हणून क्लेम केला नाही" असे सांगणारे कितीतरी लोक भेटतात. त्यांनी हप्ता फुकट भरला म्हणायचा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र स्वतःच्या गाडीला त्यातून एक पैसा मिळत नाही.

क्लेम करावा की खिशातून भागवावे?

आधी हिशेब करावा. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागावर कंपनी 50 टक्के घसारा कापते. पत्र्याच्या भागांचा घसारा गाडीच्या वयावर असतो. पहिले 6 महिने काही कापत नाहीत, 5 ते 10 वर्षांच्या गाडीला 40 टक्के कापतात. काचेवर घसारा नाही. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या खासगी कारला दर क्लेममागे 1,000 रुपये आणि त्यापुढच्या कारला 2,000 रुपये मालकाने सोसायचे असतात. म्हणजे लहान कारचा 8,000 रुपयांचा बंपर बदलला तर त्यापोटी हातात 3,000 पडतात. 'झिरो डेप' घेतलेले असेल तर घसाऱ्याची कापणी टळते.

त्यावर नो क्लेम बोनसचा फटका. क्लेम न करता वर्षे गेली की गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. समजा सूट नसताना हा हप्ता 10,000 रुपये आहे आणि मालक 50 टक्के सुटीवर 5,000 भरतो. क्लेमनंतर पुढच्या वर्षी 10,000, मग 8,000, 7,500, 6,500, 5,500 असे करत तो परत 5,000 वर येतो. पाच वर्षांत 12,500 रुपये जादा गेले. तीन हजारांसाठी बारा हजार घालवण्यात काय अर्थ? अशा वेळी फिटरकडून खर्चाचा अंदाज घेऊन जागेवर मिटवलेले परवडते. हेडलाईट, बॉनेट, रेडिएटर असे नुकसान असेल तर क्लेम करावाच.

मिटवताना एक काळजी घ्यावी. नेहमीच्या मोटार पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे वा कबूल करायचे नाहीत. पुढे क्लेम करायचा विचार असेल तर चारचौघांच्या दबावाखाली "माझी चूक आहे, मी भरून देतो" अशी चिठ्ठी लिहून देऊ नये. मिटवायचेच ठरले तर दोन्ही गाड्यांचे नंबर, तारीख, ठिकाण, किती रुपये दिले आणि कशापोटी, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पैसे फोनवरून पाठवावेत, म्हणजे नोंद राहते.

चूक ठरते कशावरून?

मागून ठोकले म्हणजे मागच्याचीच चूक, हा गावातला सरसकट नियम कोर्टात तसाच्या तसा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे 2018 सालचे दोन निकाल शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. एका प्रकरणात रात्रीच्या वेळी टँकर रस्त्यात उभा होता, ना इंडिकेटर ना पार्किंग लाइट. कार त्याच्यावर आदळली. उच्च न्यायालयाने कारवाल्यावर निम्मी चूक टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली आणि टँकरवाल्यालाच जबाबदार धरले. दुसऱ्या प्रकरणात कार चालत्या ट्रकच्या मागे जेमतेम 10-15 फुटांवर होती. ट्रकने ब्रेक मारला आणि कार धडकली. तिथे पुरेसे अंतर ठेवले नाही म्हणून कारवाल्याची चूक धरली. हे दोन्ही अपघात मोठे होते, पण चूक ठरवायची रीत लहान अपघातालाही तीच.

ऊसपट्ट्यात याचा अर्थ सरळ आहे. अंधारात टायर फुटून उभी राहिलेली, मागे रिफ्लेक्टर नाही, दगड लावलेत पण दिवा नाही, अशी ट्रॉली असेल तर तिच्या मालकाची बाजू कमजोर. हेडलाईटच्या उजेडात रिफ्लेक्टर चमकताना दिसतोय आणि तरी कार जाऊन आदळली, तर कारवाल्याची कमजोर. दोघांचीही थोडी थोडी चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. लायसन्स नव्हते एवढ्यावरून कुणी चुकीचा ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले आहे. पण त्याच कारणावरून स्वतःच्या गाडीचा क्लेम कंपनी नाकारू शकते, हा भाग वेगळा.

म्हणून सगळा खेळ पहिल्या अर्ध्या तासाचा आहे. गाड्या बाजूला घेण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. नुसते चेपलेल्या पत्र्याचे फोटो कामाचे नाहीत. रस्त्याची कड, टायरच्या खुणा, सांडलेला ऊस आणि ट्रॉलीची मागची बाजू (रिफ्लेक्टर आहे की नाही) फोटोत आली पाहिजे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे नंबर टिपावेत, कारण ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि ती पॉलिसीत घातलेली नसण्याची शक्यता असते. समोरचा कागद दाखवत नसेल तर एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून विमा चालू आहे का ते बघता येते. जवळच्या पेट्रोल पंपावर किंवा दुकानात कॅमेरा असेल तर त्याच दिवशी फुटेज मागावे, पुढे ते पुसले जाते. बघणाऱ्या दोघांचे नाव आणि फोन नंबर घ्यावेत. हद्दीतल्या पोलिस ठाण्यात निदान नोंद करून तिची प्रत घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी ड्रायव्हरने 24 तासांत पोलिसांना कळवायचे असते. विमा कंपनीलाही कळवायचे असते.

स्वतःच्याच कंपनीने अडवले तर?

स्वतःच्या कंपनीशी वाद होतो तो सहसा सर्व्हेअरच्या अहवालावरून. "नुकसान सांगितलेल्या घटनेशी जुळत नाही" किंवा "हा डेंट जुना आहे" असे शेरे येतात. सर्व्हेअर येण्याआधी गाडी उघडायला किंवा दुरुस्तीला देऊ नये, निम्मे वाद त्यातूनच उठतात. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यावर 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा आहे. अहवालाची प्रत लेखी मागावी. कमी रक्कम देऊन 'फुल अँड फायनल'वर सही मागत असतील तर "हरकत राखून स्वीकारले" असे लिहून सही करावी.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार, तोंडी नव्हे. सोबत नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा 155255 या नंबरवर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या लोकपालाकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन अर्ज चालतो. मात्र कंपनीचे नकाराचे पत्र आल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवे. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. हे दोन्ही दरवाजे फक्त स्वतःच्या पॉलिसीसाठी. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध लोकपालाकडे गेलेला अर्ज परत येतो, कारण अर्जदार त्या कंपनीचा ग्राहकच नसतो.

समोरच्याकडून वसूल करायचे असेल तर न्यायाधिकरण. थर्ड पार्टी विम्यात कार आणि मालवाहू गाड्यांना दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारण 7.5 लाखांपर्यंत संरक्षण असते, दुचाकीला 1 लाखापर्यंत. काहींनी हप्ता वाचवायला ते 6,000 वर आणलेले असते. स्वतःच्या कंपनीकडून जे मिळाले ते पुन्हा मिळत नाही. घसारा वगैरे अंगावर पडलेला भाग मागता येतो. ट्रॉलीचा विमा नसेल तर दावा मालकावर. दहा-पंधरा हजारांसाठी वकील लावून तारखा घेणे परवडत नाही, हे खरे. पण नुकसान मोठे असेल किंवा कुणी जखमी असेल तर दावा लावावाच. तो लोकअदालतीत तडजोडीने मिटू शकतो.

2019 च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यामुळे हंगाम संपायची वाट बघत बसू नये. अपघात वारणेच्या पलीकडे सांगली जिल्ह्यात झाला असला तरी चालते. दावेदार राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो, म्हणजे वारणानगरच्या माणसाला कोल्हापुरात अर्ज करता येतो.